निवड झाली, पण केली कोणी?

पत्र

सर, नमस्कार.

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. आमचे हे पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद पडल्यापासून काजूची बागायत आणि मिळेल ते भाडे यावर चालले आहे. माझी मुलगी अकरावीत शिकते, २०१० चा जन्म. चारशे मीटर धावते. शालेय स्पर्धेत तालुक्यात पहिली आणि राज्यात दुसरी आली, वेळ ६१ सेकंद लावली होती.

आमच्याकडे संध्याकाळी मुलांचा सराव घेणारे एक सर आहेत, शाळेचे नव्हेत. त्यांनी एक पत्र आणून दिले. त्यात लिहिले आहे की मुलीची 'आंतरराष्ट्रीय ज्युनिअर अ‍ॅथलेटिक्स चॅम्पियनशिप'साठी भारताच्या संघात निवड झाली आहे. स्पर्धा नेपाळात. प्रवास, राहणे, जेवण, ट्रॅकसूट मिळून ४८ हजार रुपये भरायचे. पाच हजार आगाऊ दिले आहेत. बाकीच्यासाठी माझ्या पाटल्या सोसायटीत ठेवायचे घाटते आहे. सर म्हणतात, तिथे पदक आले की पुढे थेट वर्ल्ड ज्युनिअर. ताकदीसाठी एक पावडरही त्यांनी आणून दिली आहे, डब्यावर सगळे इंग्रजीत.

वाड्यावर अभिनंदनाचा बॅनर लागला. धाकटे दीर म्हणतात, ही शुद्ध फसवणूक आहे. तेव्हापासून मुलगी काकाशी बोलत नाही. आमचे हे म्हणतात, पोरीचे नशीब उघडले आहे, तू आडवी येऊ नकोस. मी काय करू?

एक आई, सत्तरी

उत्तर

ताई, पाटल्या हातातच राहू द्या. उरलेले ४३ हजार देऊ नका.

तुमच्या दिरांचे म्हणणे बरोबर आहे. फक्त ते त्यांनी भरल्या घरात, पुतणीसमोर बोलून दाखवले असणार, आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या कानावर 'फसवणूक' हा शब्द 'तुझी लायकी नव्हती' असाच पडतो. म्हणून आधी तिच्यासाठी सांगतो: त्या कागदात एक गोष्ट खरी आहे, ती म्हणजे तिचे धावणे. राज्यात दुसरी ती पायांच्या बळावर आली, कोणाच्या पत्रामुळे नव्हे. बाकीच्या मजकुराकडे मात्र जरा नीट बघू.

पत्रात लिहिले आहे 'निवड झाली'. कोणी केली? भारताचा अ‍ॅथलेटिक्सचा संघ निवडण्याचा अधिकार एकाच संस्थेला आहे, अ‍ॅथलेटिक्स फेडरेशन ऑफ इंडिया. जगभरच्या मैदानी स्पर्धांचा कारभार वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स पाहते आणि प्रत्येक देशातून एकच राष्ट्रीय संघटना तिची सदस्य असते. आपल्याकडची ती ही. तिची राज्यातली शाखा म्हणजे गोवा अ‍ॅथलेटिक्स असोसिएशन. फेडरेशन संघ निवडते ते राष्ट्रीय स्पर्धेतल्या कामगिरीवरून. ज्युनिअर गटाची निवड बहुधा २० वर्षांखालील फेडरेशन कप किंवा तशाच राष्ट्रीय स्पर्धेत होते, आधीच जाहीर केलेल्या पात्रता वेळा समोर ठेवून. निवडलेल्यांची यादी नावानिशी जाहीर होते, वर्तमानपत्रांत येते. तुमची मुलगी अजून एकही राष्ट्रीय स्पर्धा धावलेली नाही. मग तिला कोणी, कुठे, कोणाबरोबर धावताना पाहून निवडले? हा प्रश्न त्या सरांना विचारा. भांडण म्हणून नको, चहा पुढे ठेवून विचारा.

दुसरी खूण पैशांची. ज्युनिअर जागतिक स्पर्धेला निघालेल्या भारतीय संघातल्या मुलांच्या घरी तिकिटाचा आणि ट्रॅकसूटचा हिशेब येत नाही. देशाची जर्सी घालायची तर आधी रक्कम भरा, असे जिथे सांगितले जाते तिथे तुम्ही स्पर्धक नसता, गिऱ्हाईक असता.

असल्या सहली देशभर चालतात. नाव ठेवायचे 'इंडो-नेपाळ', 'साउथ एशियन', 'इंटरनॅशनल' असे काहीतरी. ठिकाण बहुधा नेपाळ, कारण तिथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्टचीही सक्ती नाही, रेल्वे-बसने स्वस्तात पोहोचता येते आणि तरी 'परदेश' म्हणता येते. (यात नेपाळचा काही दोष नाही. तिथले खरे धावपटू या भानगडीत नसतातही.) एकेका शर्यतीत तीन-चार मुले, ती बहुतेक आपल्याच दोन-तीन राज्यांतली, आणि घरी येताना प्रत्येकाच्या गळ्यात काहीतरी. मग वाड्यावर दुसरा बॅनर.

उलट बाजू पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये दक्षिण आशियाई ज्युनिअर अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा चेन्नईत झाली. श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश अशा शेजारी देशांचे त्यांच्या-त्यांच्या संघटनांनी निवडून पाठवलेले संघ आले. आपली मुले आपल्याच देशात, आपलीच इडली खाऊन धावली, आणि ती स्पर्धा पूर्ण आंतरराष्ट्रीय होती. सीमा ओलांडली की स्पर्धा मोठी होते, ही समजूतच या व्यवसायाचे भांडवल आहे.

आता प्रमाणपत्राचे. सर म्हणाले असतील की पुढे नोकरीला, कॉलेजच्या प्रवेशाला उपयोगी पडेल. केंद्र सरकारच्या नोकरीत क्रीडा कोट्यासाठी ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत देशाचे प्रतिनिधित्व केल्याचे प्रमाणपत्र त्या खेळाच्या राष्ट्रीय फेडरेशनच्या सचिवाने द्यायचे असते, राष्ट्रीय स्पर्धेत राज्याचे प्रतिनिधित्व केल्याचे राज्य संघटनेच्या सचिवाने, आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धेचे राज्याच्या शिक्षण खात्याच्या संचालकाने. खासगी मंडळाच्या सोनेरी कागदाला त्यात कुठेच जागा नाही. तुमच्या मुलीकडचा राज्य शालेय स्पर्धेचा साधा कागद त्याहून खरा आहे. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही, पण वाचताना माझ्या मनात सगळ्यात आधी आली. सोळा वर्षांची मुलगी आठ-दहा दिवस परक्या मुलखात चालली आहे. बरोबर महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक कोण? मुली झोपणार कुठे? कोणी आजारी पडली, पाय मोडला तर विमा आहे का? त्या पत्रात याविषयी एक ओळही नसेल तर पैशांचा हिशेब नंतर करा. स्पर्धा खरी असती तरी, एवढ्या कारणासाठी मी माझी मुलगी पाठवली नसती.

वर्ल्ड ज्युनिअर म्हणजे नेमके काय

मुलीच्या डोक्यात हे नाव बसले आहे, तर ते पुसू नका. फक्त तिथला रस्ता खरा दाखवा.

ही स्पर्धा १९८६ पासून होते, पहिली अथेन्सला. दर दोन वर्षांनी. आता तिला २० वर्षांखालील जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा म्हणतात. कोविडमुळे २०२० ची नैरोबीतली स्पर्धा २०२१ मध्ये झाली, मग २०२२ ला कोलंबियातले कॅली, २०२४ ला पेरूची राजधानी लिमा, आणि २०२६ साठी अमेरिकेतले युजीन. वयाचा नियम असा, की त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला खेळाडू सोळा ते एकोणीस वर्षांचा असला पाहिजे. म्हणजे तुमची मुलगी २०२६ ला नियमाने पात्र वयात बसते, पण ते विसरा. २०२८ मध्ये ती अठराची असेल, तेव्हाही पात्रच. तिच्याकडे वेळ आहे, आणि घाई करणाऱ्याला नेमके हेच तिला कळू द्यायचे नसते.

एका वैयक्तिक प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त दोघेच उतरतात. सगळ्या भारतातून चारशे मीटरला दोन मुली. त्याआधी जागतिक संघटनेने ठरवलेली पात्रता वेळ मान्यताप्राप्त स्पर्धेत, पिस्तुलाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या विद्युत घड्याळावर नोंदवलेली हवी. कुठल्याही खासगी स्पर्धेतल्या पदकावर तिथे प्रवेश मिळत नाही. 'थेट वर्ल्ड ज्युनिअर' हे वाक्य ज्याने उच्चारले त्याला एक तर हे माहीत नाही, किंवा चांगलेच माहीत आहे.

हे नियम किती कडक असतात त्याचे उदाहरण नीरज चोप्राचेच घ्या. २३ जुलै २०१६ ला पोलंडमध्ये याच ज्युनिअर जागतिक स्पर्धेत त्याने ८६.४८ मीटर भाला फेकला. सुवर्णपदक तर आलेच, शिवाय वीस वर्षांखालील गटाचा जागतिक विक्रम. दोन आठवड्यांनी रिओ ऑलिंपिक होते आणि तिथल्या पात्रतेच्या अंतरापेक्षा ही फेक चांगलीच लांब होती. पण पात्रतेची मुदत ११ जुलैला संपली होती. बारा दिवस उशीर. नीरज रिओला गेला नाही. विक्रमवीराला ज्या खेळात मागचे दार उघडले नाही, तिथे सत्तरीच्या मुलीला ४८ हजारांत उघडून देतो म्हणणारा कोण?

६१ सेकंदांचा हिशेब

मी आयुष्यभर शाळेच्या मैदानांवर घड्याळ धरून उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो. कंटाळा आला तर हा भाग मुलीला वाचायला द्या, ती एका दमात वाचेल.

६१ सेकंद ही हाताने लावलेली वेळ आहे. टायमर पिस्तुलाचा धूर पाहून बटण दाबतो, म्हणजे घड्याळ सुरू होते तेच किंचित उशिरा. शेवटी रेषेकडे येणारी मुलगी त्याला आधीपासून दिसत असते, तिथे अंगठा सहसा चुकत नाही. एकूण फायदा धावणाऱ्याचा होतो. म्हणून हातची वेळ विद्युत घड्याळाशी ताडून बघताना चारशे मीटरला ०.१४ सेकंद वाढवून धरतात, आणि मोठ्या स्पर्धांच्या पात्रतेसाठी ती वेळ विचारातच घेत नाहीत. थोडक्यात, तुमच्या मुलीची खरी वेळ अजून कोणालाच माहीत नाही, तिलासुद्धा.

तरी ६१ धरून चालू. हिमा दासने २०१८ मध्ये फिनलंडमधल्या तांपेरे इथे ज्युनिअर जागतिक सुवर्ण जिंकले ते ५१.४६ सेकंदांत. जागतिक स्पर्धेत ट्रॅकवर भारताला मिळालेले ते पहिले सुवर्ण. २०२२ मध्ये कॅलीत रूपल चौधरीने ५१.८५ मध्ये कांस्य घेतले. नैरोबीत प्रिया मोहन ५२.७७ धावली आणि चौथी आली, पदक नाही. हिमा रेषा ओलांडते तेव्हा ६१ सेकंदांच्या वेगाने धावणारी मुलगी अजून साठेक मीटर मागे असते. हे मुलीला सांगा, आणि सांगताना आवाज मऊ करू नका. खेळणाऱ्या मुलांना आकडे पचतात, त्यांना खोटे कौतुक पचत नाही.

पण त्याच दमात हेही सांगा की हिमा आसामातल्या ढिंगजवळच्या एका गावची, भातशेती करणाऱ्या घरातली. मुलांबरोबर फुटबॉल खेळायची. पद्धतशीर धावण्याचे प्रशिक्षण मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत ती तांपेरेच्या रेषेवर उभी होती. तिच्या त्या शर्यतीचे चित्रीकरण मिळते, मुलीला दाखवा. शेवटच्या वळणावरून सरळ पट्टीत येताना हिमा पहिली नाही. पुढच्या मुली शेवटच्या ऐंशी मीटरमध्ये मंदावतात आणि हिमा कमी मंदावते. चारशे मीटरचे सगळे गणित हेच आहे: शेवटी कोणीच वेग वाढवत नाही, कोण कमी मंदावतो एवढेच. म्हणून पहिल्या दोनशेतच जीव तोडून पळणाऱ्या शाळकरी मुलींना मी नेहमी ओरडत आलो आहे.

सगळ्याच हिमा होत नाहीत. तुमची मुलगी होईल असे मी म्हणत नाही, आणि ज्युनिअर गटात चमकलेली कितीतरी मुले मोठ्या गटात दिसेनाशी होतात. पण ६१ वरून ५९ आणि ५९ वरून ५८ हा प्रवास तिच्या आवाक्यातला वाटतो, कारण ती बहुधा शाळेच्या मातीच्या मैदानावर तयार झाली आहे. तिथे ट्रॅक दोनशे मीटरचा, वळणे आवळलेली, पावसाळ्यात चिखल. नियमित सिंथेटिक ट्रॅक आणि नखांचे बूट (स्पाइक्स) मिळाले की अशा मुलींच्या वेळेत पहिल्याच वर्षी फरक पडलेला मी पाहिला आहे.

खरा रस्ता बांबोळीवरून जातो

पणजीजवळच्या बांबोळीचा अ‍ॅथलेटिक्स ट्रॅक तुम्ही मेडिकल कॉलेजला जाता-येता पाहिला असेल. जानेवारी २०१४ मध्ये लुसोफोनिया स्पर्धांच्या (पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या) शर्यती तिथे झाल्या, २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचे अ‍ॅथलेटिक्सही तिथेच. म्हणजे देशातले नामांकित धावपटू ज्या ट्रॅकवर पळाले तो आपल्या घरापासून कदंबच्या दोन बसगाड्यांवर आहे. रोज जमणार नाही, मला कल्पना आहे. वाळपई ते पणजी, तिथून पुढे, आणि परत येईतो काळोख. पण आठवड्यातून एकदा, शनिवारी किंवा रविवारी, जमवा. बाकीचे दिवस गावातले मैदान आणि गावातले चढ. सत्तरीत चढांना तोटा नाही आणि चारशेवाल्याला चढासारखा गुरू नाही. एकदम रोज सिंथेटिकवर पळवले तर नडग्या दुखू लागतात, म्हणूनही सवय हळूहळूच लागायला हवी.

कागदाचे काम आधी करून घ्या. शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना भेटा (जे संध्याकाळचे सर नव्हेत त्यांना) आणि गोवा अ‍ॅथलेटिक्स असोसिएशनमार्फत फेडरेशनकडे तिची खेळाडू म्हणून नोंदणी करा. नोंदणीचा क्रमांक मिळाला की ती असोसिएशनच्या राज्य स्पर्धेत १८ वर्षांखालील गटात उतरू शकते, आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेच्या संघात. पुष्कळ पालकांना वाटते की शालेय स्पर्धा म्हणजेच सगळे. शालेय स्पर्धांची वाट वेगळी आणि फेडरेशनची वेगळी. दोन्ही चालायच्या असतात. शालेय वाटेने क्रीडा गुण मिळतात, बारावीच्या वर्षी ते उपयोगी पडतात. जागतिक स्पर्धेकडे मात्र फेडरेशनचीच वाट जाते. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवर तारीख आणि नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे ना, तेही आताच पाहा. वयाबाबत शंका आली तर ज्युनिअर गटांत हाडांच्या तपासणीपर्यंत प्रकरण जाते. पासपोर्ट काढून ठेवायला हरकत नाही, पण नेपाळसाठी नव्हे.

प्रशिक्षणासाठी गोवा क्रीडा प्राधिकरणाच्या प्रशिक्षकांकडे जा. आपले राज्य लहान. इथे राज्यात दुसरी येणे म्हणजे हरियाणात किंवा केरळात दुसरी येणे नव्हे, हे मान्य करू. पण लहान राज्याचा एक फायदा असा, की बांबोळीवर चार वेळा वेळेवर दिसलेल्या मुलीला तिथला प्रशिक्षक नावाने ओळखू लागतो. मोठ्या राज्यात ती गर्दीत हरवली असती.

त्या डब्याचे काय

पावडरीचा डबा बंद करून ठेवा. फेकू नका, पुढे कोणी विचारले तर दाखवायला असू द्या. पण तिला देऊ नका.

अशा डब्यांत काय असते ते डब्यावर लिहिलेले असेलच असे नाही. उत्तेजक द्रव्यांच्या बाबतीत नियम असा आहे की शरीरात जे सापडले त्याला खेळाडू स्वतः जबाबदार. 'सरांनी दिले होते' याने शिक्षा कमी होईल कदाचित, पण निकाल पुसला जायचा तो जातोच. याच ज्युनिअर जागतिक स्पर्धेतले उदाहरण आहे. २००० मध्ये चिलीतल्या सँटियागोला भारताच्या सीमा अंतिलने थाळीफेकीत सुवर्ण जिंकले. तपासणीत स्यूडोएफेड्रिन निघाले, सर्दीच्या गोळ्यांत असते ते. सुवर्ण परत गेले. सतरा वर्षांची पोर होती. दोन वर्षांनी किंग्स्टनला तिने त्याच स्पर्धेत कांस्य मिळवले, पण सगळ्यांना तेवढी दुसरी संधी मिळत नाही. यापुढे साध्या सर्दी-खोकल्यालाही डॉक्टरांना आधी सांगा, की मुलगी स्पर्धा खेळते.

ताकद हवी तर आधी रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी होते. आपल्या मुलींमध्ये लोह कमी असणे इतके सर्रास आहे की कितीतरी 'दम लागतो' या तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. सकाळी सरावानंतर नाचणीची पेज, दुपारी आळसांद्यांची किंवा मुगाची उसळ, घरात चालत असेल तर बांगडा, तारले, अंडी. बाजारातल्या डब्याहून हे स्वस्त आणि निर्धोक. आणि हे आईच विचारू शकते म्हणून लिहितो: तिची पाळी नियमित येते का, लक्ष ठेवा. सराव वाढला आणि खाणे तेवढेच राहिले तर पाळी लांबते किंवा थांबते. 'खेळणाऱ्या मुलींचे असेच असते' असे कोणी म्हणाले तर ऐकू नका, डॉक्टरांकडे न्या. त्या वयात हाडे भरत असतात.

घरात कसे बोलायचे

मुलीला तुम्ही सांगा, दिरांनी नको. पत्र समोर ठेवा, फेडरेशनचे नाव त्यात कुठे आहे का ते तिलाच शोधायला लावा. तिच्या फोनवर फेडरेशनच्या संकेतस्थळावर स्पर्धांचे वेळापत्रक असते, त्यात ही नेपाळची स्पर्धा आहे का ते तिलाच पाहू द्या. आपण सांगितलेले आणि स्वतः शोधलेले यांत त्या वयात फार अंतर असते. रडेल. दोन दिवस जेवणार नाही. काकांवरचा राग मात्र आपोआप उतरेल, आणि दिरांनाही सांगून ठेवा की 'मी म्हटले नव्हते' हे वाक्य त्यांनी गिळायचे आहे.

यजमानांचे दुःख मला निराळे दिसते. खाण बंद झाल्यापासून घरात 'झाले, मिळाले' म्हणण्यासारखे काही आले नव्हते, आणि अचानक हा कागद आला. त्यांना खोटे पाडण्यापेक्षा काम द्या. शनिवारी बांबोळीला नेण्याची जबाबदारी त्यांची. ट्रक चालवलेल्या माणसाला तो रस्ता काय जड आहे?

जो पैसा तुम्ही उभा करणार होतात, त्यातला थोडासाच खर्च करा, तोही कर्ज न काढता. चारशेचे नखांचे बूट, एक चांगली रोजच्या सरावाच्या बुटांची जोडी, बसभाडे, राज्य स्पर्धेची प्रवेश फी, रक्ततपासणी. वर्षभराचे हे सगळे नेपाळच्या रकमेच्या निम्म्यातही भागावे.

पाच हजार परत मागा. तोंडी नको, लेखी, आणि फोनवरून दिले असतील तर त्याचा पुरावा जपून ठेवा. सर भले असतील तर तेही या साखळीत कोणीतरी फसवलेलेच असतील. गावातल्या मुलांना रोज संध्याकाळी पळवणारा माणूस मुळात वाईटच असेल असे मी गृहीत धरत नाही. कदाचित त्यांना प्रत्येक मुलामागे काही मिळते, कदाचित फक्त 'आंतरराष्ट्रीय प्रशिक्षक' म्हणवून घ्यायचे आहे. ते पैसे द्यायला टाळाटाळ करू लागले, किंवा आणखी मुलांकडून गोळा करताना दिसले, तर पालकांनी मिळून पोलीस स्टेशनला अर्ज द्या. एकट्या जाऊ नका.

बॅनरची लाज वाटून घेऊ नका. त्यावर नेत्यांचे फोटो मुलीपेक्षा मोठे असणार, त्यामुळे लोकांनी ते पाहिले असतील, मजकूर कोणी वाचला नसेल. कोणी विचारलेच तर सांगा, नेपाळचे रद्द केले, मुलगी राज्य स्पर्धेची तयारी करते आहे. ते खरेही असेल.

बांबोळीला विद्युत घड्याळावर ती पहिल्यांदा धावली की वेळ मला कळवा. ६१ च्या वर गेली तरी कळवा, पहिल्यांदा बहुधा जातेच. आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा, आणि पहिले दोनशे किती सेकंदांत गेले तेही, मग पुढच्या सरावाचे बोलता येईल.